मृत्युपत्र पुरेसे आहे की कुटुंबाचा ट्रस्ट करावा?

तिळकनगरकर

सर्व सभासदांना नमस्कार. माझे वय बहात्तर असून मी सरकारी सेवेतून निवृत्त झालेला अभियंता आहे. इंदूरमध्ये तिळकनगरात १९८८ साली घेतलेल्या भूखंडावर आमचे दुमजली घर आहे. त्याशिवाय महूजवळ वडिलांच्या पश्चात माझ्या नावावर आलेली थोडी शेतजमीन, बँकेतील ठेवी आणि म्युच्युअल फंड, एवढी मालमत्ता आहे. मुलगा न्यू जर्सीत स्थायिक झाला आहे, मुलगी सुदामानगरात राहते आणि दोघांचे आपसांत उत्तम आहे. नुकतेच एका आर्थिक सल्लागाराने मला असे सांगितले की सरकार लवकरच वारसा कर आणणार असल्याने मृत्युपत्राच्या भरवशावर न राहता आत्ताच कौटुंबिक ट्रस्ट करून सर्व मालमत्ता त्यात घालावी. त्यासाठी त्यांनी सांगितलेले शुल्क ऐकून मी चहाचा कप खाली ठेवला. माझे प्रश्न दोन: आमच्यासारख्या कुटुंबाला ट्रस्टची खरोखर गरज आहे काय, आणि माझ्यानंतर मुलांना कर नेमका कोठे व किती भरावा लागेल?

राजवाडा_ते_पलासिया

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सल्लागाराच्या शुल्कात दडलेले आहे. कर अजून आलेला नाही, शुल्क मात्र आलेले आहे.

जमाखर्च

मी या शहरात करसल्लागार म्हणून काम करतो, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो.

आपल्याकडे संपदा शुल्क नावाचा कर १९५३ च्या कायद्याने सुरू झाला होता आणि त्याचा सर्वांत वरचा दर ८५ टक्क्यांपर्यंत गेलेला होता. वसुली थोडी आणि खटले फार, अशी त्याची अवस्था झाल्यामुळे १९८५ मध्ये विश्वनाथ प्रताप सिंह अर्थमंत्री असताना तो बंद करण्यात आला. पुढे १९९८ मध्ये दानकर गेला आणि २०१५ च्या अर्थसंकल्पात संपत्तीकरही गेला. उद्या काय होईल याचे भाकीत करून आज मालमत्तेची मालकी बदलणे मला शहाणपणाचे वाटत नाही. शिवाय असा कर आलाच, तर तो ट्रस्टमधील मालमत्तेला सोडून देईल, असे त्या सल्लागारांना कोणी सांगितले, हे त्यांनाच विचारावे.

आजच्या कायद्यानुसार मृत्युपत्राने किंवा वारसाहक्काने मिळालेली मालमत्ता मिळणाऱ्याच्या उत्पन्नात धरली जात नाही, तिची किंमत कितीही असो. कर लागतो तो पुढे विक्रीच्या वेळी. त्या वेळी खरेदीची किंमत म्हणून वडिलांची मूळ किंमत धरतात आणि वडिलांनी ती मालमत्ता जितकी वर्षे बाळगली तीही मोजतात. १ एप्रिल २००१ पूर्वी घेतलेली मालमत्ता असेल तर त्या दिवशीचे बाजारमूल्य धरता येते, मात्र जमीन आणि इमारतीच्या बाबतीत ते त्या दिवशीच्या मुद्रांक मूल्यापेक्षा (मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेल्या किमतीपेक्षा) अधिक धरता येत नाही.

कल्पना यावी म्हणून एक काल्पनिक हिशेब देतो. समजा, तुमच्या घराचे २००१ चे मूल्य १२ लाख ठरले आणि ते आर्थिक वर्ष २०२५-२६ मध्ये १ कोटी ८० लाखांना विकले. साध्या पद्धतीने नफा १ कोटी ६८ लाख आणि त्यावर साडेबारा टक्के म्हणजे २१ लाख कर होतो. महागाई निर्देशांकाच्या पद्धतीने १२ लाखांचे ४५ लाख १२ हजार होतात, उरलेल्या १ कोटी ३४ लाख ८८ हजारांवर २० टक्के म्हणजे जवळजवळ २७ लाख होतात. अधिभार आणि उपकर वेगळे. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या जमीन-घराबाबत या दोहोंपैकी कमी तो कर भरण्याची सवलत फक्त भारतातील रहिवाशांना आहे. तुमच्या चिरंजीवांना त्यांच्या हिश्श्यापुरती ती मिळणार नाही, आणि घेणाऱ्याला त्यांच्या रकमेतून कर कापून ठेवावा लागेल तो निराळाच.

म्हणून माझा आग्रह एवढाच की मूळ रजिस्ट्री, बांधकामाचा नकाशा आणि खर्चाच्या पावत्या जपून ठेवा, आणि नोंदणीकृत मूल्यांककाकडून २००१ चा मूल्यांकन अहवाल आत्ताच करून घ्या. तुमच्यानंतर मुलांना खर्चाचा एकही आकडा ठाऊक नसतो, आणि कागद नसलेला खर्च खात्याच्या लेखी झालेलाच नसतो.

रामबागची_लेक

जमाखर्च, एक शंका आहे. वडिलांनी हयातीतच घर बक्षीसपत्राने मुलांना दिले तर तेथेही आयकर नाहीच ना? मग मृत्यूपर्यंत थांबायचे कशासाठी?

जमाखर्च

आयकर नाही हे खरे आहे, कारण ठरावीक नातेवाइकांकडून मिळालेल्या देणगीला पन्नास हजारांची करमुक्त मर्यादा लागू होत नाही. त्यातही एक गंमत आहे: काकाने पुतण्याला दिले तर करमुक्त, पण पुतण्याने काकाला दिले तर ती मर्यादा लागते, कारण कायद्यातील नातेवाइकांच्या व्याख्येत काका बसतो, पुतण्या बसत नाही. आणखी एक सावधगिरी अशी की पत्नीला किंवा सुनेला दिलेल्या मालमत्तेचे उत्पन्न देणाऱ्याच्याच उत्पन्नात मिळवले जाते. मुलाला टाळून सुनेच्या नावे ठेव केली की कर वाचतो, असे समजणारे अनेक जण दर जुलैत माझ्याकडे येतात.

परंतु बक्षीसपत्राला मुद्रांक शुल्क द्यावे लागते, मृत्युपत्राला लागत नाही, आणि बक्षीसपत्र एकदा नोंदले गेले की सहसा परत घेता येत नाही.

कोर्टाची_पायरी

रामबागच्या ताईंचा प्रश्न मला वकील म्हणून फार जवळचा आहे, कारण हयातीत दिलेल्या घरातूनच बाहेर पडावे लागलेली माणसे आम्ही पाहतो. आपल्याच राज्यातील छतरपूरच्या एका आईने मुलाच्या नावे बक्षीसपत्र केले होते आणि मुलगा सांभाळत नाही म्हणून ते रद्द करण्याची मागणी केली होती. उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने तिच्याविरुद्ध निर्णय दिला, पण सर्वोच्च न्यायालयाने २ जानेवारी २०२५ रोजी तो फिरवून ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यातील कलम २३ खाली बक्षीसपत्र रद्द ठरवले आणि घराचा ताबा आईला देण्यास सांगितले. मात्र त्या प्रकरणात सांभाळाची अट कागदावर होती. २०२२ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशी अट नसेल तर कलम २३ चा आधार मिळत नाही, असेही सांगितलेले आहे. म्हणून द्यायचेच असेल तर अट लिहून द्यावी, आणि मला विचाराल तर राहते घर हयातीत देऊच नये.

रामबागची_लेक

अट लिहायची म्हणजे मुलांवर विश्वास नाही असेच झाले. आम्ही सुना-मुली वर्षानुवर्षे करतो ते काय कलम २३ वाचून करतो?

कोर्टाची_पायरी

ताई, तुमच्यासारख्यांसाठी अट कधी वाचलीच जात नाही. ती ज्यांच्यासाठी असते ते हा धागा वाचत नसतील.

सराफा_चौक

तिळकनगरकर काका, मृत्युपत्राची नोंदणी वगैरे भानगडीत पडू नका. माझ्या सासऱ्यांनी वहीच्या दोन पानांवर स्वतःच्या हाताने लिहिलेले मृत्युपत्र होते, दोन शेजाऱ्यांच्या सह्या होत्या, आणि सगळे सुरळीत पार पडले.

कोर्टाची_पायरी

सुरळीत पार पडले, कारण कोणी हरकत घेतली नाही. कायदा आपल्या म्हणण्याशी सहमत आहे: नोंदणी ऐच्छिक आहे आणि साधा कागद चालतो. भारतीय वारसा कायदा १९२५ च्या कलम ६३ ला हवे ते इतकेच की मृत्युपत्र करणाऱ्याने सही करावी आणि किमान दोन साक्षीदारांपैकी प्रत्येकाने ती सही होताना पाहून, किंवा ‘ही माझी सही आहे’ हे त्याच्या तोंडून ऐकून, त्याच्यासमोर स्वतःची सही करावी. दोघे साक्षीदार एकाच वेळी हजर असलेच पाहिजेत असेही नाही.

अडचण येते ती हरकत आल्यावर. तेव्हा हयात साक्षीदारांपैकी निदान एकाला न्यायालयात उभे करावे लागते. पूर्वी हे पुरावा कायद्यात होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमात आहे. एका प्रकरणात मृत्युपत्र करणारे गृहस्थ पंच्याऐंशी वर्षांचे आणि दोन्ही साक्षीदार त्यांचे सकाळी फिरायला जाण्याचे सोबती होते. वाद न्यायालयात पोचेपर्यंत तिघेही गेले होते, आणि मग साक्षीदाराचे अक्षर ओळखणारा माणूस शोधत फिरण्याची पाळी आली. साक्षीदार आपल्यापेक्षा निदान पंधरा-वीस वर्षांनी लहान, शहरातच राहणारे आणि मृत्युपत्रातून काहीही न मिळणारे असावेत. एक साक्षीदार नेहमीचा डॉक्टर असेल तर फारच उत्तम, कारण मनःस्थिती ठीक होती हेही तोच सांगू शकतो.

नोंदणीमुळे मृत्युपत्र आपोआप सिद्ध होत नाही, हेही लक्षात असावे. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्येच स्पष्ट केले की मृत्युपत्राभोवती संशयास्पद परिस्थिती असेल तर ती दूर करण्याची जबाबदारी मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर असते. ज्याला सर्वाधिक मिळणार त्यानेच मसुदा करून घेतला, त्यानेच गाडीतून उपपंजीयक कार्यालयात नेले आणि तोच शेजारी उभा राहिला, तर नोंदणीचा शिक्का असूनही प्रश्न विचारले जातात. तरीही मी नोंदणीच सुचवतो, कारण कागद हरवला तरी कार्यालयातून प्रमाणित प्रत मिळते आणि शेतजमिनीच्या नामांतरणासाठी, म्हणजे सरकारी नोंदीत नाव बदलून घेण्यासाठी, तहसीलदारापुढे उभे राहताना बोलणे सोपे जाते. नामांतरण झाले म्हणजे मालकी सिद्ध झाली, असे मात्र नाही.

सराफा_चौक

साहेब, आपले म्हणणे मान्य. पण वही अजून जपून ठेवली आहे.

गणितमास्तर

एवढे सगळे करण्याऐवजी प्रत्येक ठेवीला आणि फंडाला वारसदार म्हणून मुलांची नामांकने लावली की प्रश्न मिटतो. आता तर बँकेत चार जणांपर्यंत आणि म्युच्युअल फंडात दहा जणांपर्यंत नामांकन करता येते.

जमाखर्च

मास्तर, नामांकित व्यक्ती म्हणजे वारस नव्हे. ती फक्त पैसे स्वीकारते, आणि तिच्याकडून खऱ्या वारसांना ते मागता येतात. आपल्या प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात ज्यांचे दिनदर्शिकेचे पान टांगलेले असते, त्या कालनिर्णयकार जयंत साळगावकर यांच्या मृत्युपत्रावरून आणि नामांकनांवरूनच हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १४ डिसेंबर २०२३ रोजी न्यायालयाने शेअर व म्युच्युअल फंडांबाबत हेच सांगितले की नामांकनाने वारसाक्रम बदलत नाही. आयुर्विम्यात मात्र २०१५ पासून आईवडील, पती-पत्नी किंवा मुले नामांकित असतील तर ती रक्कम त्यांचीच होते. मृत्युपत्रातील नावे आणि नामांकनातील नावे एकच ठेवा, एवढे केले तरी निम्मे वाद उद्भवत नाहीत.

राजवाडा_ते_पलासिया

म्हणजे दिनदर्शिका बघून मुहूर्त काढायचा, आणि तिच्यामागचा निकाल वाचून नामांकन करायचे.

शांतीनिकेतन_आई

ट्रस्टवर येथे सगळे तुटून पडले आहेत, म्हणून मला लिहावेसे वाटले. माझा मुलगा अठ्ठावीस वर्षांचा असून त्याला बौद्धिक अक्षमता आहे. तो स्वतःचे जेवण गरम करतो, बसचा क्रमांक ओळखतो, पण पाचशे आणि पन्नास यांतील फरक त्याला समजत नाही. त्याच्या नावे मृत्युपत्राने ठेव लिहून ठेवली तर ती मोडण्याच्या कागदावर सही कोण करणार, आणि घर लिहून दिले तर गोड बोलून त्याची सही घेणारा माणूस किती दिवसांत उगवेल, हा प्रश्न आम्हाला रात्री झोपू देत नव्हता.

आम्ही दोन गोष्टी केल्या. मूल अठरा वर्षांचे झाले की आईवडीलही कायद्याने त्याचे पालक राहत नाहीत, हे अनेकांना ठाऊक नसते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्या प्रौढांसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या समावेशाची स्थानिक समिती पालक नेमते. आम्ही तिच्याकडून रीतसर आदेश घेतला. दुसरे म्हणजे दोघांनी आपापल्या मृत्युपत्रात अशी तरतूद केली की आमच्या पश्चात ठरावीक रक्कम आणि फ्लॅट एका ट्रस्टकडे जाईल. त्याचे विश्वस्त माझा भाचा आणि यांच्या कार्यालयातील एक तरुण सहकारी असतील, आणि उत्पन्न फक्त मुलाच्या राहण्या-खाण्यावर, औषधांवर व देखभाल करणाऱ्याच्या पगारावर खर्च होईल. भाच्याकडे पालकत्व आणि पैसा दोन्ही एकट्याच्या हाती जाऊ नये, म्हणून दुसरा विश्वस्त मुद्दाम घराबाहेरचा घेतला. भाच्याला त्याचा राग आलेला नाही, उलट हायसे वाटले.

जमाखर्च

ताईंनी केले तीच ट्रस्टची खरी जागा आहे. करातही त्याचा उपयोग होतो. विश्वस्तांनी कोणाला किती द्यायचे हे स्वतः ठरवायचे अशा ट्रस्टच्या उत्पन्नावर एरवी सर्वांत वरच्या दराने कर लागतो, पण मृत्युपत्राने निर्माण केलेला तो एकमेव ट्रस्ट असेल तर नेहमीच्या टप्प्यांनी लागतो, धंद्याचे उत्पन्न असेल तर नियम अधिक कडक आहेत. लाभार्थी आणि त्याचा हिस्सा निश्चित असेल तर त्याच्या दरानेच आकारणी होते. ताईंच्या घरी दोन मृत्युपत्रे असल्याने दोन ट्रस्ट होतील, तेव्हा मसुदा एकदा सल्लागाराच्या नजरेखालून जावा.

तिळकनगरकरांच्या बाबतीत यांतले काहीच लागू होत नाही. दोन्ही मुले सज्ञान, समर्थ आणि एकमेकांशी बोलणारी आहेत. हयातीत ट्रस्ट करायचा तर घरासाठी नोंदणीकृत दस्त आणि मुद्रांक शुल्क, वेगळा पॅन, वेगळे खाते आणि दरवर्षी वेगळे विवरणपत्र आले. आणि ट्रस्ट हवा तेव्हा मोडता येईल असा ठेवला तर उत्पन्न पुन्हा त्यांच्याच नावे धरले जाणार.

न्यूजर्सीचा_भाऊ

इकडे असलेल्यांसाठी एक उलटी बाजू सांगतो. भारतात वारसा कर नाही, अमेरिकेत आहे. मी येथील रहिवासी असल्याने मला मोठी सूट मिळते, पण इंदूरमध्ये राहून अमेरिकी कंपनीचे शेअर बाळगणाऱ्याला फक्त ६० हजार डॉलरपर्यंत सूट आहे, त्यावर दर ४० टक्क्यांपर्यंत चढतो, आणि या कराबाबत दोन देशांत करार नाही. बहुराष्ट्रीय कंपनीत नोकरी करणाऱ्या, पगारात तेथील शेअर मिळणाऱ्या इंदूरच्या तरुणांनी हे वाचावे.

काकांच्या शेतजमिनीविषयी: अनिवासी भारतीयाला शेतजमीन विकत किंवा बक्षीस घेता येत नाही, पण वारशाने मिळू शकते, आणि विकायची झाल्यास भारतात राहणाऱ्यालाच विकावी लागते. आलेले पैसे इकडे आणण्याची मर्यादा आर्थिक वर्षाला दहा लाख डॉलर आहे. महूच्या जमिनीसाठी ती अपुरी पडावी, अशी शुभेच्छा.

उज्जैनची_माहेरवाशीण

इतका वेळ सगळे काकांच्या मृत्युपत्राविषयी बोलत आहेत. काकूंच्या मृत्युपत्राचे काय? त्यांच्या नावे ठेवी असतील, दागिने असतील, कदाचित माहेरचा वाटाही असेल. मूलबाळ नसलेल्या हिंदू स्त्रीने मृत्युपत्र केले नाही, तर तिच्या स्वतःच्या कमाईवरही नवऱ्यामागोमाग त्याच्या वारसांचा हक्क तिच्या आईवडिलांच्या आधी लागतो, आणि फक्त आईवडिलांकडून वारशाने आलेली मालमत्ता वडिलांच्या वारसांकडे जाते. माझ्या विधवा मावशीने नोकरी करून घेतलेला फ्लॅट ज्या पुतण्यांनी तिला कधी साधे पत्रही लिहिले नाही, त्यांच्याकडे गेला.

दागिन्यांबाबत ‘माझे सर्व दागिने दोघींना समान’ असे लिहू नये. ठुशी एकच असते. कोणती वस्तू, अंदाजे किती तोळ्यांची, कोणाला, असे एकेक लिहावे आणि शक्य तर छायाचित्र जोडावे. आमच्याकडे पाटल्यांचा प्रश्न सुटला, पण दोन जावांचे दिवाळीचे फराळ अजून एकत्र होत नाहीत.

सराफा_चौक

याबाबत मात्र माझा अनुभव अधिकृत समजावा. वाटणीसाठी दागिना वितळवायला घेऊन आलेल्या बहिणी पाहिल्या की आम्हालाही भट्टी पेटवावीशी वाटत नाही.

तिळकनगरकर

सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. सौभाग्यवतींनी माहेरवाशीण ताईंचा प्रतिसाद दोनदा वाचायला लावला आणि स्वतःचा कागद वेगळा काढला. ट्रस्टचा विचार आम्ही सोडला आहे. घर आणि ठेवी दोघा मुलांना समान, शेतजमीन मुलीला, असे ठरते आहे. मुलाशी दूरध्वनीवर बोलणे झाले, त्याची काही हरकत नाही. एकच गोष्ट अडली आहे: माझ्यानंतर पत्नीला घरात तहहयात राहण्याचा हक्क आणि तिच्यानंतर घर मुलांना, असे लिहावे काय?

कोर्टाची_पायरी

येथे फार जपून लिहावे लागते. हिंदू वारसा कायद्याच्या कलम १४ मुळे स्त्रीला निर्वाहाच्या हक्कापोटी दिलेला मर्यादित हक्क पूर्ण मालकीत बदलू शकतो, असा १९७७ चा सर्वोच्च न्यायालयाचा प्रसिद्ध निकाल आहे, तर मृत्युपत्राने नव्यानेच दिलेला मर्यादित हक्क मर्यादितच राहतो, असेही निकाल आहेत. या मतभेदामुळे डिसेंबर २०२४ मध्ये प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवण्यात आला. तुमच्या घरात तंटा नसल्याने मी सोपा मार्ग सुचवेन. तुमच्या मृत्युपत्रात घर पूर्णपणे पत्नीला द्या, त्या तुमच्याआधी गेल्यास दोघा मुलांना समान, असे पुढचे वाक्य घाला, आणि त्यांच्या मृत्युपत्रात घर मुलांना लिहा. त्यांना नंतर मत बदलता येईल, पण तो अधिकार त्यांना असणे मला गैर वाटत नाही.

वडिलांच्या पश्चात वारसाहक्काने आलेली जमीन तुमची स्वतंत्र मालमत्ता धरली जाते का, हे वडील कधी गेले आणि त्यांच्याकडे ती कशी आली यावर ठरेल. १९५६ नंतरचा वारसा असेल तर सामान्यतः धरली जाते. खसऱ्याची, म्हणजे शेतजमिनीच्या सरकारी नोंदीची, जुनी नक्कल सोबत आणा.

तिळकनगरकर

वडील १९९४ मध्ये गेले आणि जमीन त्यांनी स्वतः विकत घेतली होती. खसरा व त्यांची रजिस्ट्री दोन्ही आहेत. साक्षीदार म्हणून आमचे डॉक्टर आणि समोरच्या बंगल्यातील प्राध्यापक तयार आहेत. नोंदणीच्या दिवशी मुलीने सोबत यावे का?

कोर्टाची_पायरी

नको, तिला घरीच राहू द्या. तुम्ही, दोन्ही साक्षीदार, तिघांची मूळ ओळखपत्रे आणि डॉक्टरांचे त्याच तारखेचे प्रमाणपत्र, एवढे पुरे. मसुद्याच्या प्रत्येक पानावर खाली सही करा आणि खाडाखोड झाली असेल तर तेथेही साक्षीदारांसह सही करा.